जपानी लाकडी रंधा (कान्ना): उन्हाळा, पावसाळा, हिवाळा वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. रंधा अप्रतिम आहे, फळीवरून शेवटचा हात फिरवायला माझ्याकडे याच्यापेक्षा चांगलं हत्यार नाही, पण खोक्यातून काढला की लगेच कामाला लावायचा असेल तर घेऊ नका, कारण हा रंधा पूर्ण तयार होऊन येतच नाही. उरलेलं काम घेणाऱ्याने करायचं असतं. त्यात काही खोट असते म्हणून नाही, पद्धतच तशी आहे, आणि मला वाटतं जपानी लोक हत्याराला इतकं का जपतात त्याचं मूळ इथेच आहे. त्याबद्दल खाली लिहितेच.

मी पुण्यात घरच्या घरी लाकूडकाम करते. स्टूल, पाट, पुस्तकांचं शेल्फ, मध्यंतरी एक देव्हारा. आतापर्यंत लोखंडी रंधाच वापरायचे. कान्ना म्हणजे एका कडक पांढऱ्या लाकडाचा लांबट ठोकळा (शिराकाशी, ओकच्या जातीचं झाड), त्यात ७० मिमी रुंद पातं, पात्यावर दुसरी छोटी पट्टी, आणि ती पट्टी दाबून धरायला एक आडवी सळी. झालं, एवढंच. स्क्रू नाही, चाक नाही, मूठ नाही. आपल्याकडच्या जुन्या लाकडी रंध्याला निदान पाचर तरी असते, इथे तीही नाही, कारण पातं वरच्या बाजूला जाड आणि धारेकडे पातळ होत गेलेलं असतं, त्यामुळे ते स्वतःच पाचर होऊन खाचेत घट्ट बसतं. पातं पुढे काढायचं तर त्याच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलकं ठोकायचं, मागे घ्यायचं तर ठोकळ्याच्या मागच्या कडेवर, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. सुरुवातीला हे फार रानटी वाटतं, एवढं महागाचं हत्यार आणि त्याला ठोकायचं? पण हाताला सवय झाली की स्क्रूपेक्षा जास्त बारीक अॅडजस्ट होतं, आणि आवाजावरून कळायला लागतं की पातं नीट बसलंय की सैल आहे.

किमतीचं म्हणाल तर कस्टम धरून मला हा इथल्या बऱ्यापैकी लोखंडी रंध्याच्या चौपट पडला. शिवाय पाण्यावरचे धारेचे दगड वेगळे, ते नसतील तर रंधा घेऊन काही उपयोग नाही.

आला तेव्हा काय अवस्था होती ते सांगते. पातं खाचेत घातलं तर ते तोंडापर्यंत (तळातल्या फटीपर्यंत, जिथून धार बाहेर येते) पोचतच नाही, वरच अडकतं. खाच मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, कारण प्रत्येक पातं हाताने घडवलेलं, त्याची पाठ थोडी उंचसखल, आणि लाकूडही नवीन ठिकाणी गेलं की थोडं हलतंच. मग पात्याच्या पाठीवर पेन्सिल घासायची, पातं आत ठोकायचं, परत काढायचं, खाचेत जिथे काळं लागलंय तिथून पटाशीने अगदी नखाएवढा कपचा काढायचा, परत पेन्सिल, परत ठोका. घाई केली की खाच सैल होते आणि मग पातं धरत नाही. हे झालं की तळ. तळ आपल्याला वाटतो तसा पूर्ण सपाट नको असतो, फिनिशिंगच्या रंध्यात तो फक्त दोन ठिकाणी लाकडाला टेकायला हवा, पुढच्या टोकाला आणि तोंडाच्या लगेच अलीकडे, मधला भाग कागदाच्या जाडीएवढा खाली घ्यायचा. त्यासाठी जपानमध्ये वेगळा छोटा रंधा मिळतो ज्याचं पातं जवळजवळ उभं असतं, मी पत्र्याच्या स्क्रेपरवर भागवते, चालतं. कित्येक जण तर नवीन रंधा काही महिने नुसता ठेवून देतात, लाकूड घरच्या हवेला रुळू दे म्हणून.

आता हे अर्धवट का पाठवतात? पातं करणारा लोहार वेगळा, ठोकळा करणारा कारागीर वेगळा, आणि रंधा शेवटी कामाला लावणारा सुतार तिसरा. लोहाराला माहीत नसतं की तुम्ही हिनोकीवर (तिकडचं एक मऊ लाकूड) काम करणार की सागावर, तुमच्या गावात हवा कोरडी की दमट, तुमचा हात जड की हलका. म्हणून शेवटची जुळवणी तो तुमच्यावर सोडतो. मला हे फार पटलं. ह्याच्यात घेणाऱ्यावर विश्वास आहे, तुम्हाला हे येत असेल किंवा तुम्ही शिकाल असं गृहीत धरलेलं आहे. आणि ते सगळं केल्यावर हत्यार आपलं होतं ते नुसतं पैसे मोजले म्हणून नाही, त्याची खाच आणि तळ आपल्या हाताने बसवलेला असतो.

पात्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण खरी करामत तिथे आहे. पातं दोन धातूंचं असतं, मऊ लोखंडाच्या जाड पट्टीवर अतिशय कडक पोलादाचा पातळ थर भट्टीत ठोकून जोडलेला. धारेला पोलाद येतं, बाकी सगळं लोखंड. मऊ लोखंडासाठी जुनं लोखंड शोधतात, जहाजांच्या नांगरांच्या जुन्या साखळ्या वगैरे, कारण नंतरच्या काळातलं कारखान्यातलं पोलाद तसं वागत नाही. पात्याची सपाट बाजू मधे खोलगट असते, म्हणजे धार लावताना ती अख्खी बाजू दगडावर घासायला लागत नाही, फक्त कडेची बारीक चौकट टेकते. पण धार लावून लावून पातं झिजत जातं तशी धारेजवळची ती चमकती पट्टी अरुंद होत जाते आणि एक दिवस खळगा धारेपर्यंत येऊन पोचतो. त्यावेळी पातं लोखंडी ठोकळ्याच्या कडेवर टेकवायचं आणि उतरत्या बाजूने, फक्त मऊ लोखंडावर, हातोडीच्या कोपऱ्याने टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, म्हणजे मागचं पोलाद केसभर बाहेर येतं, मग ते दगडावर सपाट करायचं. पोलादाच्या थरावर घाव बसला तर तडा जाऊ शकतो. परवा माझ्या पात्याला पहिल्यांदा ही वेळ आली. घाव इतके हलके होते की काही होतंय की नाही कळेना, पण दगडावर घासल्यावर धारेच्या मागे तांदळाच्या कणीएवढी चमक दिसली, मग ती हळूहळू कडेकडेने पसरत अख्खी रेघ झाली. ते बघताना जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. म्हणजे पातं झिजणार हे लोहाराने आधीच धरलेलं आहे आणि झिजल्यावर काय करायचं त्याची सोयही त्याच्या घडणीतच करून ठेवली आहे.

ही विद्या आली कुठून तर बरीचशी तलवारीतून. १८७६ मध्ये जपान सरकारने तलवार लावून फिरायला बंदी केली आणि तलवारी घडवणाऱ्या कित्येकांना दुसरा धंदा शोधावा लागला, काही जण हत्यारांकडे वळले. चियोझुरु कोरेहिदे (१८७४–१९५७) हे नाव रंध्याच्या पात्यांत सगळ्यात मोठं मानतात, तेही तलवारकारांच्या घराण्यातले. त्यांची पाती आज संग्राहकांकडे असतात. माझं पातं अर्थात तसलं काही नाही, साधं शिरोगामी पोलाद आहे, म्हणजे पांढऱ्या कागदाच्या लेबलचं, जवळजवळ निव्वळ लोखंड आणि कार्बन. धार फार पटकन आणि फार बारीक लागते. १००० नंबरच्या दगडावर, मग ६००० वर, बस. जाड, रुंद उतार असल्यामुळे पातं दगडावर आपोआप टेकून राहतं, अँगल धरायला कुठला जिग लागत नाही. धारेच्या मागच्या बाजूला बारीक कोर (घासून मुडपलेली कड) आलेली बोटाला लागली की समजायचं झालं, मग सपाट बाजू फक्त ६००० वर फिरवायची. हो, आणि दगड सपाट ठेवणं हे पात्याइतकंच महत्त्वाचं आहे, मधे खड्डा पडलेल्या दगडावर कितीही घासलं तरी सरळ धार येत नाही.

आता ओढण्याबद्दल. जपानी रंधा आणि करवत दोन्ही आपल्याकडे ओढतात. करवतीचं कारण सोपं आहे, ओढताना पातं ताणलं जातं त्यामुळे वाकत नाही आणि म्हणून ते पातळ ठेवता येतं. रंध्याचं मी वापरून सांगते, ओढताना कंबर आणि पाय काम करतात, मनगटावर ताण येत नाही, लांब फळी असेल तर मागे मागे चालत एका दमात पूर्ण साल (रंध्यातून निघणारी लाकडाची पातळ पट्टी) निघते. आमच्या सोसायटीत काम करायला येणारे एक सुतारकाका आहेत, त्यांनी बघितला तेव्हा म्हणाले, "ताई, हे उलटं काय? रंधा ओढतात होय?" मग हातात घेतला, तळाला डोळा लावून उजेडाकडे धरून बघितलं, पात्यावर आडवा अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शिवणच्या तुकड्यावर दोन-चार हात मारल्यावर म्हणाले, "हत्यार एक नंबर आहे, पण आम्हाला साइटवर नाही परवडायचं. सकाळी अर्धा तास ठोकत बसलो तर मालक काय म्हणेल?" त्यांचं बरोबरच आहे. जपानमध्येही आता घरबांधणीचं बहुतेक लाकूड कारखान्यातून कापून, मशीनवर साफ होऊनच येतं, हाताचा रंधा राहिलाय तो देवळांची कामं करणाऱ्या सुतारांकडे, बारीक फर्निचर करणाऱ्यांकडे, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांकडे. हे लिहायला हवं, नाहीतर असं वाटतं की तिकडे सगळेच हातात कान्ना घेऊन बसलेत.

पावसाळा. ह्या भागासाठीच खरं तर लिहायला घेतलं, कारण आपल्या हवेत हा कसा चालतो ते कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. जूनच्या मध्यापासून ठोकळ्याने पाणी धरायला सुरुवात केली. पातं इतकं घट्ट बसायला लागलं की काढताना जोरात ठोकावं लागे, आणि तळ रोज वेगळा. सरळपट्टी लावून उजेडाकडे धरलं की मधोमध टेकलेलं आणि दोन्ही टोकांना उजेड. अशा वेळी साल निघते पण मधेच तुटते किंवा रंधा घसरतो, आणि माणसाला वाटतं धार गेली, धार शाबूत असते, तळ बिघडलेला असतो. त्यामुळे पावसाळ्यात कामाला बसायच्या आधी तळ तपासायचा, लागला तर स्क्रेपरने दोन हात. वैताग आहे, पण फार वेळ जात नाही. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट, लाकूड सुकून पातं सैल होतं, त्यावर जुना उपाय म्हणजे पात्याच्या मागे खाचेत कागदाची पट्टी चिकटवायची, तो मी केला आणि छान चालला. काम झालं की पातं थोडं मागे घेऊन ठेवायचं म्हणजे ठोकळ्यावर सतत ताण राहत नाही. गंजाचं म्हणाल तर हे स्टेनलेस नाही, कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर जास्तच जपावं लागेल. तिकडे कॅमेलियाचं तेल लावतात, मी शिलाई मशीनचं तेल लावते, पातळ थर, कपड्याने पुसून. खोबरेल लावू नका, थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं.

लाकडाचं. हा रंधा मुळात हिनोकी, सुगी अशा मऊ सरळ रेषांच्या लाकडांसाठी वाढला. देवदारावर तो जे काम करतो ते बघण्यासारखं असतं. सागात सिलिका असतं, त्यामुळे धार लवकर जाते, ते कुठल्याही रंध्याचं जातं, पण इथे जास्त जाणवतं कारण सुरुवातीची धारच इतकी वरची असते. उलट्या रेषेला साग उचकटतो तिथे वरची छोटी पट्टी कामाला येते. ती धारेच्या अगदी जवळ आणायची, एक-दोन दशांश मिलिमीटरवर, म्हणजे साल लगेच मोडून उभी होते आणि लाकूड खालून उचकटत नाही. यामागचं शास्त्र यामागाता विद्यापीठातले कातो आणि कावाई यांनी कापलं जाताना जवळून चित्रण करून दाखवलंय, पट्टीची कड जवळजवळ उभी आणि धारेच्या जवळ असली की फाटणं थांबतं. लोखंडी रंध्यालाही हे तसंच्या तसं लागू आहे, तेवढं तरी करून बघाच.

पॉलिशपेपर मी आता शेवटच्या हाताला वापरतच नाही. पेपरने पृष्ठभाग खरवडला जातो, रंध्याने तो कापला जातो, आणि फरक हाताला लागतो. चांगल्या धारेच्या हातानंतर फळी नुसती गुळगुळीत नसते, तिच्यावर उजेड वेगळा पडतो, रेषा आतून दिसते. जपानी घरात आणि देवळात लाकूड बरेचदा तसंच ठेवतात, वर काही न लावता, मग एवढी मेहनत का ते कळतं. होर्यूजी हे सातव्या शतकातलं देऊळ, तिथले खांब भाल्यासारख्या लांब दांड्याच्या हत्याराने तासलेले आहेत, यारिगान्ना म्हणतात त्याला, मधल्या काळात ते वापरातूनच गेलं होतं. तिथल्या दुरुस्तीत काम केलेले सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांनी ते परत घडवून घेतलं आणि वापरायला शिकले, कारण त्याशिवाय जुन्यासारखा पृष्ठभाग येईना. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपण बहुतेक वेळा हातात जे हत्यार आहे त्यात बसेल तसं काम करून घेतो.

सालीच्या जाडीची स्पर्धाही असते तिकडे, केझुरोकाई नावाची मंडळी १९९७ पासून भरवतात, १० मायक्रॉनच्या आतल्या साली काढतात, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा. बघायला जबरदस्त. रोजच्या कामाला त्याची गरज नाही, पण तिथे पोचायला पातं, दगड, तळ, लाकूड सगळंच बरोबर असावं लागतं, म्हणून ती परीक्षा म्हणून चांगली आहे.

हत्याराच्या मानाबद्दल. जपानमध्ये ८ नोव्हेंबरला लोहार भात्याचा सण करतात, त्या दिवशी भट्टीला विश्रांती. शिवणकाम करणारे लोक मोडलेल्या सुया वर्षातून एकदा देवळात नेऊन टोफूसारख्या मऊ वस्तूत टोचून ठेवतात, टोक्योकडे ८ फेब्रुवारीला, क्योतोकडे ८ डिसेंबरला, आयुष्यभर कडक कापडातून गेली, आता मऊ जागी निजू दे म्हणून. हत्यार ओलांडायचं नाही हाही नियम. आपल्याला यातलं काही परकं वाटत नाही, खंडेनवमीला आपणही हत्यारं धुऊन पुसून पूजतो, सुतारकाका तर त्या दिवशी करवतीला हात लावत नाहीत. पण मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळी आहे. कोबेला ताकेनाका सुतारकामाच्या हत्यारांचं म्युझियम आहे, १९८४ साली सुरू झालं. ते काढायचं कारणच हे की हत्यार जितकं चांगलं तितकं ते जास्त वापरलं जातं, धार लावून लावून संपून जातं, आणि पुढच्या पिढीला दिसायलाही उरत नाही. तिथे १९४३ सालची एक यादी आहे, त्या वेळच्या सुताराचा पूर्ण संच १७९ हत्यारांचा होता. त्यातली उत्तम हत्यारं कामातच झिजून गेली. कपाटात ठेवून जपणं हा मान नाहीच, जपणं म्हणजे रोज पुसायचं, वेळेत धार लावायची, आणि संपेपर्यंत वापरायचं. म्हणून मला नुसती संग्रहासाठी महागडी पाती घेऊन ठेवणं फारसं आवडत नाही, ज्यांना आवडतं त्यांनी घ्यावीत, पण त्या लोहाराने ते कापण्यासाठी घडवलं होतं.

घ्यायचा विचार असेल तर: पहिला रंधा ७० मिमीचा घेऊ नका, ४०-५० मिमीच्या आसपासचा घ्या, ओढायला सोपा, तळ लहान म्हणून जुळवायला सोपा, आणि स्वस्तही. अगदीच धीर नसेल तर लगेच वापरता येतील असे जुळवून दिलेले रंधेही मिळतात, पण आपला पावसाळा आला की जुळवणी शिकावी लागेलच, मग आधीच शिकलेलं बरं. जुने वापरलेले रंधे स्वस्त मिळतात, त्यात ठोकळा तडकलेला असला तरी चालेल, पातं बघा, पोलादाचा थर किती उरलाय आणि गंजाचे खड्डे सपाट बाजूला धारेजवळ आहेत का तेवढं तपासा. बजेट कमी असेल तर पैसे रंध्यावर कमी आणि दगडांवर जास्त घाला. ज्यांचं मुख्य काम प्लायवूड आणि लॅमिनेटचं आहे त्यांनी अजिबात घेऊ नका, त्यातल्या गोंदाने धारेची वाट लागेल.

ठोकळा कधीतरी जाणारच, पातं त्याच्यापेक्षा जास्त जगतं, मग नवीन ठोकळा करून तेच पातं त्यात बसवतात. माझा अजून बरीच वर्षं जाईल, तरी बाभळीचा एक जुना, नीट वाळलेला तुकडा मिळालाय, बैलगाडीच्या कामातला, तो बाजूला काढून ठेवलाय. आपल्याच हवेत वाढलेलं आणि वाळलेलं लाकूड पावसाळ्यात शिराकाशीपेक्षा कमी हलतं का हे मला बघायचंय. सुतारकाका म्हणाले खाच पाडायला ते येतील.